पन्हळीतला पाचोळा

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'परदेशातले माझे अनुभव'. अशा विषयावर बोलताना माणूस हळूहळू स्वतःचं कौतुक करायला लागतो. म्हणून मी एकाच उन्हाळ्याबद्दल बोलणार आहे. त्यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही. काळ २०१९ चा डिसेंबर. जागा, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा पूर्व गिप्सलँड हा भाग, मेलबर्नच्या पूर्वेला पावणेतीनशे-एक किलोमीटर. तिकडे डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा असतो आणि तोच वणव्यांचा मोसम.

मी मूळचा खेडचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. इथे कोकणातले किती जण आहेत? बरेच आहेत. मग तुम्हाला वणवा सांगायला नको. होळीच्या आगेमागे सडा पिवळा पडतो, कुणीतरी विडी टाकतो किंवा मुद्दाम गवत पेटवतो, आणि रात्री डोंगरावर आगीची माळ दिसते. लहानपणी आम्ही अब्बांबरोबर हिरव्या डहाळ्या घेऊन धावलोय. बागेच्या कडेने आग झोडपायची, पुढचं गवत साफ करायचं. काजूची कलमं गेली की घरात दोन दिवस कुणी धड जेवायचं नाही. पण वणव्यामुळे रातोरात घर सोडावं लागेल असं आमच्या घरात कधी कुणाच्या मनात आलं नाही.

त्यामुळे तिकडे लोक 'बुशफायर सीझन' म्हणायला लागले तेव्हा मी मनात म्हटलं, वणवाच की. वणवा आपल्याला माहीत आहे. मला वाटतं, काहीच माहीत नसतं तर मी जास्त शहाण्यासारखा वागलो असतो.

मेलबर्नमध्ये शिक्षण संपलं आणि मला लिंडेनाउच्या खोऱ्यात भाजीपाल्याच्या पॅकिंग शेडमध्ये हिशेबाची नोकरी मिळाली. मिचेल नदीच्या काठची सपाट काळी जमीन, लेट्यूस, ब्रोकोली, पालक. बायको नर्स, तिला जवळच्या बर्न्सडेल शहरात वृद्धांच्या निवासी केंद्रात काम मिळालं. मुलगी दोन वर्षांची. शहरात भाडी परवडेनात म्हणून आम्ही उत्तरेला, क्लिफ्टन क्रीकच्या बाजूला, जंगलाच्या कडेला एक जुनं लाकडी घर घेतलं. ऑक्टोबर महिना होता. घराभोवती उंच निलगिरी, सकाळी पक्षी, संध्याकाळी अंगणात कांगारू. अम्मीला व्हिडिओ कॉलवर सगळं फिरवून दाखवलं. एजंटने किल्ल्या दिल्या, कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा ते सांगितलं. आगीबद्दल चकार शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारी आले. शेजारी म्हणजे दोनशे मीटरवरचं घर. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, एकटेच राहायचे. आम्ही आपसात त्यांना चाचाच म्हणायचो. त्यांनी लिंबांची पिशवी दिली, चहा घेतला, आणि जाता जाता वर छपराकडे बघून म्हणाले, 'पन्हळी भरल्यात तुमच्या.' खरंच भरल्या होत्या. निलगिरीची पानं, सालीच्या पट्ट्या, काटक्या, दोन-तीन वर्षांचा पाचोळा. ते म्हणाले, शिडी लागली तर माझ्याकडून घेऊन जा. आणि गुरुवारी संध्याकाळी फायर ब्रिगेडच्या शेडमध्ये बैठक आहे, मोसमाच्या आधीची, नक्की या.

मी पन्हळी साफ केल्या नाहीत. भाड्याचं घर, ते मालकाचं काम. बैठकीलाही गेलो नाही.

का गेलो नाही, हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्यातल्या काहींना ते ओळखीचं वाटेल. तिथली ब्रिगेड म्हणजे सरकारी पगारी लोक नव्हेत. १९३९ च्या जानेवारीत व्हिक्टोरियात वणव्यांनी ७१ माणसं मारली, त्यानंतर चौकशी आयोग बसला, १९४४ मध्ये पुन्हा आगी लागल्या, आणि १९४५ मध्ये कंट्री फायर ऑथॉरिटी, म्हणजे सीएफए, उभी राहिली. गावोगावच्या तिच्या ब्रिगेड स्वयंसेवक चालवतात. शेतकरी, मेकॅनिक, शाळेतल्या बाई. ते गावाचं चव्हाट्यावरचं बसणंही असतं. बैठक झाली की बाहेर शेगडीवर सॉसेज भाजतात, फ्रिजमध्ये बिअर असते. मी विचार केला, तिथे जाऊन काय करू? सॉसेज नको म्हणायचं, बिअर नको म्हणायचं, मग कुणीतरी विचारणार, का नको? मग मी सांगणार, मग ते एकमेकांकडे बघणार. यातलं काही घडलं नव्हतं. सगळा चित्रपट मी डोक्यातच काढला. बायको म्हणाली, 'जाऊन तर बघ.' मी म्हटलं, दमलोय. आणि मनात म्हटलं, हा त्यांच्या लोकांचा मामला आहे.

त्या गुरुवारी मला जे कळलं असतं ते नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो.

घरं बहुतेक वेळा ज्वाळेने पेटत नाहीत, निखाऱ्यांनी पेटतात. निलगिरीच्या काही जातींची साल लांब पट्ट्यांनी सुटते. ती पेटते, गरम हवेबरोबर वर जाते आणि वाऱ्याने पुढे कित्येक किलोमीटरवर जाऊन पडते. आग अजून डोंगरापलीकडे असते आणि तुमच्या पन्हळीत निखारा येऊन पडलेला असतो. पन्हळीत कोरडा पाचोळा असेल तर तिथून आग छपराच्या पोटात शिरते. माणसाला मारते ती बऱ्याचदा धग. ज्वाळा पोचण्याच्या आधी, उघड्यावर, कातडी सहन करू शकत नाही इतकी उष्णता. चढावर आग वेग घेते: साधारण दहा अंशांच्या चढाला वेग दुप्पट. आमचं घर चढावर होतं, सुंदर देखावा दिसावा म्हणून.

आणि वारा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. व्हिक्टोरियात वाईट दिवशी वाळवंटाकडून गरम उत्तरेचा वारा येतो, आग त्याच्याबरोबर दक्षिणेकडे लांब जिभेसारखी धावते. संध्याकाळच्या सुमाराला नैऋत्येकडून थंड वारा येतो. घामाघूम झालेल्या माणसाला वाटतं, सुटलो. पण त्या वाऱ्याने आगीची लांबच्या लांब बाजू हीच तोंड होते. ज्या गावांच्या बाजूने आग निघून गेली होती त्यांच्यावर ती वळते.

७ फेब्रुवारी २००९ ला असंच झालं. त्या दिवशी मेलबर्नमध्ये ४६.४ अंश तापमान होतं. किंगलेक, मेरिसव्हिल अशी गावं गेली. १७३ माणसं मेली. तोवर तिथलं धोरण असं होतं की तयारी करून घर लढवा किंवा लवकर निघा, तुमचं तुम्ही ठरवा. नंतर आयोगाने तपासलं तर मेलेल्यांपैकी ११३ जण घरांच्या आत सापडले होते. काहींची चांगली तयारीही होती. त्यानंतर सूर बदलला: लवकर निघा. लवकर म्हणजे धूर दिसल्यावर नव्हे. अतिधोक्याचा दिवस जाहीर झाला की आदल्या रात्री किंवा त्या दिवशी पहाटे, आग कुठेही लागलेली नसताना. आता तिथे धोक्याच्या चार पायऱ्या आहेत, सर्वात वरच्या पायरीला कॅटॅस्ट्रॉफिक म्हणतात; आमच्या वेळी तिला कोड रेड म्हणायचे. प्रत्यक्ष आग लागल्यावर इशाऱ्यांच्या तीन पायऱ्या येतात, आणि शेवटच्या पायरीवर कधीकधी एक वाक्य येतं: आता निघायला उशीर झाला आहे. हे वाक्य फोनवर आलं की तुम्ही घरातच अडकलेले असता.

आता आग नसताना घर सोडायचं, हे बोलायला सोपं आहे. एका मोसमात असे चार-पाच दिवस येतात. चारही वेळा काही होत नाही. सामान भरा, पोरीला उठवा, सुट्टी टाका, संध्याकाळी परत या. पाचव्या वेळी माणूस म्हणतो, जाऊ दे. आपल्याकडे तरी वेगळं काय? २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी चढत होतं तेव्हा मी गिप्सलँडमधून मामूंना फोन लावत होतो. ते म्हणत होते, २००५ ला इथवर आलं होतं, त्याच्या वर येत नाही. ते वर आलं. मामू माळ्यावर चढून वाचले, दुकान गेलं. माणूस मागच्या खुणेवर भरवसा ठेवतो.

तर २०१९. ऑस्ट्रेलियात ते नोंदींमधलं सर्वात उष्ण आणि सर्वात कोरडं वर्ष. गिप्सलँडमध्ये आधीच तीन वर्षं दुष्काळ. नोव्हेंबरमध्ये डोंगरात विजा पडून आगी लागल्या आणि महिनाभर जळतच राहिल्या. रोज सकाळी सूर्य लालभडक, वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास, पोरीला खोकला. आम्ही फोनवर ॲप घेतलं, पण त्याची सवय झाली. दिवसातून वीस वेळा ते वाजायचं.

बायकोने मात्र बॅग भरली होती. पासपोर्ट, पदव्यांची प्रमाणपत्रं, निकाहनामा, पोरीची औषधं. रुग्णालयातल्या एका सहकारी बाईने तिला एक गोष्ट सांगितली होती ती मी इथल्या मुलींना मुद्दाम सांगतो: आगीच्या दिवशी अंगावर नायलॉन, पॉलिएस्टर नको. ते वितळून कातडीला चिकटतं. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्याला सुती ओढणी, चामड्याचे बूट, आणि धग अडवायला लोकरीचं पांघरूण. तिचे सगळे हिजाब जॉर्जेटचे होते. तिने जुन्या सुती चादरीचे दोन कापले. लोकरीचं पांघरूण आमच्याकडे होतं, अम्मीने दिलेलं कांबळं. विमानात वजन जास्त होतंय म्हणून मी त्यावरून अम्मीशी भांडलो होतो.

रविवार, २९ डिसेंबर. अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की उद्याचा दिवस वाईट आहे, बर्न्सडेलच्या पूर्वेचा प्रदेश सोडा, सकाळी नऊच्या आत, नंतर महामार्ग बंद होऊ शकतो. सुट्टीवर आलेले तीस हजारांच्या आसपास लोक त्या भागात होते. बायको म्हणाली, निघू या. मी नकाशा उघडून बसलो आणि म्हटलं, ते पूर्वेला म्हणतायत, आपण उत्तरेला आहोत. शिवाय सोमवारी शेडमध्ये काम आहे, व्हिसा नोकरीवर टिकून आहे, उगाच सुट्टी नको. माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला प्रत्येक रकान्यात काहीतरी भरता येतं.

संध्याकाळी चाचा आले. दारातूनच विचारलं, 'उद्या किती वाजता निघताय?' निघताय का, असं विचारलं नाही. मी म्हटलं, तुम्ही तर राहताय ना? ते राहणार होते हे मला माहीत होतं. त्यांच्याकडे मोठी पाण्याची टाकी होती, वीज गेली तरी चालणारा इंजिनाचा पंप होता, छपरावर फवारे, घराभोवती तीस-चाळीस मीटर गवत कापलेलं. वीस वर्षं ते दर सप्टेंबरला पंप चालवून बघायचे. ते म्हणाले, 'मी राहतोय म्हणून तू राहू नकोस. मी काय करणार आहे ते मला ठाऊक आहे. तू काय करणार आहेस?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही सोमवारी सकाळी आठला निघालो. वाचलो ते या एका प्रश्नामुळे.

बर्न्सडेलच्या मैदानावर निवारा केंद्र होतं. चाळिशीपार तापमान, तंबू, गाड्या, कुत्री, पिंजऱ्यातले पोपट, एक बाई दोन शेळ्या घेऊन आलेली. दुपारनंतर वाऱ्याने धूर शहरावर आणला. रात्री उत्तरेचं आकाश तांबडं झालं. त्या रात्री सार्सफील्ड आणि क्लिफ्टन क्रीकमध्ये घरं गेली, क्लिफ्टन क्रीकची प्राथमिक शाळा गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेला मालाकूटा गावात चार हजारांच्या आसपास लोक समुद्रकाठी जमले, आकाश दिवसाढवळ्या काळं झालं. त्यातल्या हजारावर लोकांना पुढे नौदलाच्या जहाजाने बाहेर काढलं. हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल.

मला मैदानावरचं एक दृश्य सांगायचं आहे. रात्री नऊच्या सुमाराला एक व्हॅन आली. वनुआटू बेटांवरून भाजी काढायला आलेले आठ-दहा मजूर उतरले. माझ्याच खोऱ्यात काम करणारी माणसं. जंगलाकडेच्या एका घरात ठेकेदाराने त्यांना ठेवलं होतं. इशारा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ॲप कुणाकडे नाही, गावात ओळख कुणाची नाही, ठेकेदाराचा फोन लागेना. कुणा शेतकऱ्याला जाताना त्यांच्या घरात दिवा दिसला म्हणून त्याने गाडी थांबवली. मी त्यांना पाण्याच्या बाटल्या देत होतो आणि मला जाणवलं, माझ्यात आणि यांच्यात फरक एवढाच की माझ्याकडे लिंबांची पिशवी घेऊन एक माणूस आला होता.

पुढच्या दिवसांत मदत आली. मेलबर्नहून शीख स्वयंसेवक आले आणि त्यांनी तिथल्या एका भारतीय हॉटेलात कढी-भात शिजवून रोज वाटला. न्यूपोर्टच्या इस्लामिक सेंटरमधले लोक सामानाचे ट्रक घेऊन आले, अग्निशमन दलाच्या लोकांना खायला घातलं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचे फोटो अभिमानाने फिरले. त्याच ग्रुपवर, त्याच आठवड्यात, आगी कुणी मुद्दाम लावल्या याचेही निरोप फिरले, रोज नवा गुन्हेगार. पूर्व गिप्सलँडच्या आगी कुणी लावल्याची आमच्याकडे माहिती नाही, असं पोलिसांनी सांगितलं होतं. ते कुणी फॉरवर्ड केलं नाही. ट्रकांचा मलाही अभिमान वाटला. पण ट्रक जानेवारीत येतात. ऑक्टोबरमधल्या गुरुवारी शेडमध्ये एक रिकामी खुर्ची होती, ती माझी होती.

रस्ता उघडल्यावर आम्ही परत गेलो. आमचं घर नव्हतं. चुलीचा विटांचा धुराडा, पत्र्यांचा ढीग, पोरीची तीनचाकी वाकलेली. चाचांचं घर उभं होतं. ते ओट्यावर बसले होते, भुवया जळालेल्या, डोळे सुजलेले. मी जाऊन त्यांचा हात धरला. म्हटलं, घर गेलं आमचं. ते म्हणाले, हो, पाहिलं मी. मुख्य आग यायच्या आधीच पेटलं. पन्हळीतून. मग माझ्या गोठ्याच्या बाजूला सगळे निखारे तुमच्याच घरातून येत होते. पाच तास त्या एका बाजूला उभा होतो.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस किती पडला ते सांगावं तसं सांगितलं. मी भाड्याचं घर, मालकाचं काम, असं म्हणत होतो. ती आग जाऊन एका म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर पडत होती. त्या उन्हाळ्यात देशभरात ३३ माणसं आगीत गेली, तीन हजारांवर घरं गेली. त्यात एक नाव माझ्यामुळे वाढलं असतं. यावर मी पाच वर्षांत कुणाला काही बोललेलो नाही. बायकोला सोडून.

फेब्रुवारीतल्या बैठकीला मी गेलो. शेगडीवर सॉसेज होती. मी पावात नुसता भाजलेला कांदा घेतला आणि उभा राहिलो. कुणी काही विचारलं नाही. नंतर एका बाईने विचारलं, अंडं चालतं का, पुढच्या वेळी तव्याची एक बाजू वेगळी ठेवते. एवढंच. आता मी तिथला सदस्य आहे. आग विझवायला जात नाही, दमा आहे मला. रेडिओ, नकाशे आणि याद्या सांभाळतो. मजुरांना कुठल्या घरांत ठेवलंय, कुठलं घर भाड्याने नव्याने गेलंय, याची यादी आम्ही दर सप्टेंबरला करतो. पंजाबी, हैदराबादी, नेपाळी कुटुंबं बरीच आली आहेत. त्यांच्या दारात मी जातो, कारण माझी हिंदी कामाला येते. अध्यक्षांनी आत्ता म्हटल्याप्रमाणे हे 'समाजकार्य' वगैरे काही नाही. चाचा माझ्या घरी आले होते, मी पुढच्या घरी जातो.

चाचा आता शहरात राहतात, गुडघे गेले. पण लिंबांचं झाड आहे अजून, आणि तोडायला मला परवानगी आहे.

मागच्या ऑक्टोबरमध्ये एका घरी गेलो. नवीन जोडपं, लहान बाळ. चहा झाला. मी गुरुवारची बैठक सांगितली. नवरा म्हणाला, 'भाईसाब, वहाँ तो बिअर वगैरा होती होगी ना?' मी म्हटलं, होती है. मग बाहेर येऊन वर बघितलं आणि म्हटलं, पन्हळी भरल्यात. तो म्हणाला, घर किराये का है, मालिक का काम है.

मी वाद घातला नाही. शिडी गाडीवर बांधलेलीच असते.